वाघळांची चिंच

फाल्गुन लागला की आमच्या घरी चिंचा येतात. जठारपेठेतल्या आमच्या गच्चीवर सूनबाई जुनं लुगडं अंथरते, त्यावर चिंचा पसरते, आणि दोन दिवस ऊन खाल्लं की बत्त्यानं टरफलं फोडायला बसते. शिरा वेगळ्या, चिंचोके वेगळे, गोळे मीठ लावून बरणीत. त्या आठ-दहा दिवसांत मी घरात फारसा थांबत नाही. वाचनालयात जातो, स्टेशनावर जाऊन बसतो, ज्यांच्याशी वर्षभर बोलत नाही अशांकडे चहाला जातो. बायको होती तोवर हसायची. म्हणायची, "चिंच पाहूनच यांचे दात आंबतात." मी तिला तसंच समजू दिलं. सूनही तसंच समजते.

खरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं ठरवलं की काही ना काही काम निघायचं, आणि नाही निघालं तर मी काढायचो. अशी बरीच वर्षं गेली. डोळ्यांची ऑपरेशनं झाली, हात थोडा थरथरतो, पण लिहिता येतं. यंदा मी बाहेर गेलो नाही. गच्चीचं दार उघडं आहे, बत्त्याचा आवाज येतो आहे आणि तो वासही.

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. डॉक्टर नव्हतो. लस टोचणं, रक्त काढणं, नमुने बाटलीत भरून त्यावर चिठ्ठी लावणं हे माझं काम. पण खेड्यात जनावराला सुई टोचणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. लोक मला डाक्टर भौ म्हणत आणि मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. लहानशी गोष्ट वाटते. पण पुढं जे झालं त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

त्या वर्षांत आमच्याकडे गावात सरकारी जीप शिरली की पारावरची माणसं उठून उभी राहायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "कोनाच्या घरी?" जीप यायची ती बहुतेक कुणा शेतकऱ्यानं जीव दिला की त्याच्या पंचनाम्यालाच. बियाणं चांगलं आहे, औषध लागू पडेल, मदत मंजूर झाली, असं काही चांगलं सांगितलं तर लोक नुसते ऐकून घेत. विश्वास ठेवायचे दिवस मागे पडले होते. वाईट गोष्ट मात्र पहिल्या बोलात पटायची. गावोगाव फिरण्यात माझी उमर गेली होती, मला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

चांदूर बाजारच्या पुढं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, त्या गावाची आणखी बदनामी नको. गावाच्या तोंडाशी एक चिंच होती. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न मावणारी. तिच्यावर शेकडो वाघळं. दिवसभर उलटी लटकलेली, पंख अंगाशी गुंडाळून, लांबून पाहिलं तर झाडाला काळ्या पिशव्या टांगून ठेवल्यासारखी. जागा आणि झाड जैबुनबीचं. तिचा नवरा पिंजारी होता, धनुकलीनं कापूस पिंजून गावोगावच्या गाद्या भरायचा. तो वारला, गाद्या शहरातून तयार येऊ लागल्या, आणि मागं राहिलं ते एक झाड, एक सून, दोन नातवंडं आणि दोन शेळ्या. चांदूरच्या बाजारात 'वाघळाची चिंच' म्हटलं की बायका भाव न करता घेत. गराळ, आंबटगोड, धागा कमी. वर्षाचं मीठमिरची त्या झाडावर निघायचं.

त्या गावाची एक रीत होती. लग्नाची वरात चिंचेजवळ आली की वाजंत्री थांबायची. नवरदेव हिंदूचा असो की मुसलमानाचा, बँडवाले हात खाली घेत आणि पन्नास-साठ पावलं सारी वरात मुकाट चालत जाई. चपलांचा तेवढा आवाज. झाड मागं पडलं की पुन्हा दणक्यात सुरू. दिवाळीचे फटाकेही गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा जैबुनबीला विचारलं, इथं कोणाची समाधी आहे का, पीर आहे का?

"पीर नाई अन् देव नाई," ती म्हणाली. "वरत्या लेकुरवाळ्या हायेत ना, डाक्टर भौ. ढोल वाजवला का दचकते. लेकरू छातीचं सुटते अन् खाली पडते. लगन तुमच्या घरचं, लेकरू तिचं काहून जावं?"

मला त्या वेळी ते फार आवडलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं होतं.

त्या साली कोंबड्यांच्या रोगाची भीती होती, आणि कुठं दूरच्या मुलखात वटवाघळांपासून माणसाला ताप येतो अशा बातम्या होत्या. आपल्याकडच्या वाघळांत तसा काही विषाणू आहे का, हे बघायला लांबच्या एका प्रयोगशाळेतून तीन माणसं आली. त्यांच्या मुख्य एक डॉक्टर मॅडम होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. गावाची माहिती असलेला आणि बोली येणारा माणूस म्हणून मला त्यांच्याबरोबर दिलं. पहिल्याच दिवशी मॅडम मला म्हणाल्या, "लोकांना एवढं नीट समजावून सांगा. आम्ही तपासायला आलोय, याचा अर्थ रोग सापडलाय असा नाही. बहुतेक काही निघणार नाही. पण बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मी पारावर जाऊन तसं सांगितलं. त्या दिवशी तरी तसंच सांगितलं.

आमचे पांढरे पोशाख, हातमोजे, तोंडावरचे मास्क पाहून गाव हसून हसून बेजार झालं. वामनराव म्हणून एक शेतकरी होते, जैबुनबीचे शेजारी, जिभेला हाड नसलेला माणूस. ते म्हणाले, "काय राजेहो, तपासाले आले का चंद्रावर चालले?" आणि मग, हसणं थांबल्यावर, जरा खालच्या आवाजात, "आमच्या वावराची माती तपासा मनून दोन सालं झाले अर्ज देऊन. कोनी आलं नाई. अन् वाघळाचं मूत तपासाले जीप आली. भाग्याचे हायेत बाप्पा वाघळं."

मॅडमनी मास्क वर ओढला आणि आम्ही झाडाकडे निघालो.

त्या आठवड्याची संध्याकाळ मला अजून दिसते. दिवेलागणीची वेळ, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळणाऱ्या चुलींचा धूर गावावर आडवा पसरलेला. झाडावर आधी कुजबुज सुरू व्हायची. मग एक वाघूळ फांदी सोडायचं, दगडासारखं खाली यायचं आणि मध्येच पंख उघडायचं. ओलं धोतर झटकावं तसा आवाज. मग दुसरं, तिसरं, आणि पाहता पाहता नदीच्या दिशेनं काळी धार लागायची. मॅडम हातातलं यंत्र दाबत मोजायच्या. जैबुनबी ओट्यावर बसून म्हणायची, "निंघाले माहे जिनिंगवाले. रातपाळी करते, दिवसा झोपते. बिचाऱ्याईले हप्त्याची सुट्टी बी नाई."

पहाटे वाघळं परतायची तेव्हा आमची जाळी बांबूंवर चढलेली असायची. अडकलेलं वाघूळ अलगद सोडवून कापडी पिशवीत. पंखाच्या शिरेतून थोडं रक्त, घशातून कापसाच्या काडीनं पुसून घेतलेला ओलावा. मग मॅडम त्याला ड्रॉपरनं साखरपाणी पाजायच्या आणि सोडून द्यायच्या. मी आयुष्यभर गाई-म्हशी धरल्या, पण हे हातात धरलेलं जनावर वेगळं होतं. कोल्ह्यासारखं तोंड, बदामी डोळे, आणि अंग इतकं गरम की हातमोज्यातून जाणवावं. एकीच्या छातीला पिल्लू होतं. आईचं रक्त काढून होईस्तोवर त्यानं पकड सोडली नाही. जैबुनबी लांबून पाहत होती. म्हणाली, "पाहा, साखरपानी कसं मानसावानी पेते."

दुसरं काम झाडाखालचं. वाघळं पहाटे परतली की मुततात. ते थेंब गोळा करायला झाडाखाली प्लास्टिकच्या पांढऱ्या पन्न्या अंथरायच्या, आणि उजाडल्याबरोबर एकेक थेंब नळीत ओढून बर्फाच्या पेटीत ठेवायचा. पन्नी स्वच्छ असेल तरच नमुना कामाचा. आणि ते दिवस चिंचा गळण्याचे. उजाडलं की जैबुनबी टोपली घेऊन झाडाखाली, तिच्यामागं शेळ्या, शेळ्यांमागं लेकरं. पहिल्या दिवशी शेळ्यांनी पन्न्या तुडवल्या. दुसऱ्या दिवशी जैबुनबीनंच एक पन्नी उचलून खालच्या चिंचा वेचल्या. मॅडम काही बोलल्या नाहीत. मातीनं भरलेली पन्नी गुंडाळली आणि बाजूला ठेवली. त्यांचं ते न बोलणं मला लागलं. माझ्या मुलखात माझं कोणी ऐकत नाही, असं त्यांना वाटेल असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा जैबुनबी टोपली घेऊन आली. मी म्हटलं, बी, तासभर थांबा.

"माह्या झाडाखाली मीच येऊ नको?" ती म्हणाली. रागानं नाही, हसतच. "तासाभरात शेरडं सारं फस्त करते, भौ. तुमी आपलं मूत येचा, मी चिंचा येचतो."

दहा-बारा माणसं होती, ती हसली. वामनराव तर मांडीवर थाप मारून हसले. मला मास्कच्या आत घाम आला होता. मी म्हटलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "जैबुनबी, याच्या मुतात रोग हाय. आंगावर थेंब पडला का मानूस आठ दिवसांत जाते. मंग मले सांगू नका."

आठ दिवस. हा आकडा मॅडमनी सांगितला नव्हता, कुठल्या पुस्तकात नव्हता. तो त्या क्षणी माझ्या तोंडात आला.

हसणं थांबलं. जैबुनबीनं टोपली खाली ठेवली, मग विचार बदलून त्यातल्या चिंचा तिथंच ओतून दिल्या आणि रिकामी टोपली घेऊन घरी गेली. शेळ्या दावणीला बांधल्या गेल्या. उरलेले चार दिवस झाडाखाली चिटपाखरू फिरकलं नाही. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "काय सांगितलंत तुम्ही लोकांना? फार छान नमुने मिळाले." मी म्हटलं, "समजावून सांगितलं, मॅडम." जीप निघाली तेव्हा जाताना एकदा पारावर थांबून खरं सांगावं असं मनात आलं होतं, हे मला आठवतं. पण जेवायची वेळ झाली होती.

सूनबाईनं आता चिंचोके वेगळे काढलेत. नात त्यांचे डाव मांडते आहे. तिला मी कालच सांगितलं, भिजवून भाजले की छान लागतात. जैबुनबीनं मला शिकवलं होतं.

उन्हाळ्यात रिपोर्ट आला. इंग्रजीत, चार पानी. तपासलेल्या एकाही वाघळात तो विषाणू सापडला नव्हता. सोबत मॅडमची हातानं लिहिलेली मराठी चिठ्ठी: 'कृपया स्वतः गावात जाऊन त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. जैबुनबींना मुद्दाम सांगा, त्यांची वटवाघळं निरोगी आहेत.' ते पावसाळ्यापूर्वीच्या लसीचे दिवस होते, घटसर्प, फऱ्या, रोज दोन-तीन गावं. मी कागद टेबलाच्या खणात ठेवला. त्या रस्त्यानं गेलो की नेऊ. मॅडमचा फोन आला, "वाचून दाखवलं का?" मी म्हटलं, "हो मॅडम. लोकांना आनंद झाला."

मी गेलो तो पोळ्याला. बैल रंगवलेले, वेशीवर तोरण. जीपमधून उतरलो तर गाव मला ओळखूच येईना. गावाच्या तोंडाशी नुसतं आभाळ होतं.

बुंधा तेवढा राहिला होता. जमिनीपासून हातभर, रुंद, त्यावर ऊन पडलेलं. जैबुनबी ओट्यावर होती. मला पाहून उठली, पदर सावरला आणि आधी पाणी आणलं. मी विचारण्याच्या आधी तीच बोलू लागली. मी गेल्यापासून तिच्या चिंचेला बाजारात कोणी हात लावला नव्हता. गावातले एक आजोबा, आधीच खाटेवर असलेले, चैत्रात गेले. वाघळाच्या झाडाखालून त्यांना नेहमी दवाखान्यात नेत, एवढं पुरलं. कोणीतरी बोटांवर आठ दिवस मोजले.

"कोनी मले पाड मनलं नाई, भौ," ती म्हणाली. "गावानं तोंड उघडलं नाई. पन माह्या झाडात रोग अन् लेकरं लोकाईचे, मी तोंड कसं दाखवू? मिरगाच्या दोन दिस आधी मीच मानसं बलावले. आधी फटाके लावले, उडून जाव मनून. मोठे उडाले. लहाने..."

तिनं हातानं जमिनीकडे दाखवलं आणि हात तसाच राहिला.

"लाकूड घरात नाई ठेवलं. वीटभट्टीवाल्याले देल्लं."

माझ्या खिशात रिपोर्ट होता. त्यावर आमच्या कार्यालयाचा आवक तारखेचा शिक्का होता. तिथंच ओट्यावर बसून मी मनात हिशेब केला. झाड पडलं त्या दिवशी तो कागद माझ्या खणात सतरा दिवसांचा झाला होता.

तिनं जेवायला वाढलं. सण होता, नको म्हणता येईना. पुरणाची पोळी वामनरावांच्या घरून आलेली आणि तिच्या हातचं आंबट वरण. मी हात लावीना म्हणून तिला वाटलं मी भितो आहे.

"जेवा भौ, भेऊ नका," ती घाईनं म्हणाली. "आपल्या झाडाची नाई थे. बजारातून इकत आनली चिंच."

मी जेवलो. सगळं जेवलो.

तेवढ्यात वामनराव आले. बैलांच्या रंगानं हात माखलेले. त्यांना पाहून जैबुनबीनं विचारलं, "डाक्टर भौ, रिपोट आला काय?"

दोघं माझ्याकडे पाहत होती. खिशातला कागद मला छातीला टोचत होता. हो म्हटलं तर बुंध्याकडे बघून काय बोलणार होतो? काहीच निघालं नाही म्हणून? तुम्ही ते उगाच पाडलं म्हणून?

"अजून नाई आला," मी म्हटलं.

"आला काय, न आला काय," ती म्हणाली. "तुमी येळेवर सांगतलं. लेकरं वाचले गावाचे. अल्ला तुमाले बरकत देवो."

वामनराव म्हणाले, "खरं हाय. सरकारचं एक तरी काम बराबर झालं." आणि ते यावेळी टोमणा मारत नव्हते.

मी मान हलवली. त्या माणसांचे आभार मी मान हलवून घेतले. पहिलं खोटं मी रागात बोललो, घाईत बोललो, असं कधीकधी स्वतःला समजावता येतं. हे दुसरं मी पोटभर जेवून, शांतपणे बोललो.

त्यानंतर दर फाल्गुनात जायचं ठरवलं. एकदा तर निघालोही. चांदूर बाजारच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला, किलोभर संत्री घेतली आणि परतीच्या एसटीत बसलो. घरी संत्री गोड निघाली म्हणून सगळे खूश.

मग तो मोठा आजार आला, सारं जग घरात बसलं आणि टीव्हीवर वटवाघळं दिसू लागली. आमच्या कॉलनीच्या मागं एका वडावर थोडी आहेत. लोक मशाली घेऊन ती हुसकायला निघाले. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही तर तपासली होती ना? सांगा ना त्यांना." मी फाटकापाशी गेलो आणि सांगितलं, यांना हात लावू नका, यांच्यापासून तुम्हाला काही झालेलं नाही, हुसकलीत तर उलट घराघरात शिरतील. लोक थांबले. "काका त्या खात्यातले आहेत," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे घरी गेले.

दोन मिनिटं लागली. त्या रात्री मला झोप आली नाही. सोपं होतं ते. इतकं सोपं होतं.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला एका लग्नात वामनराव भेटले. काठी टेकत होते, पण जीभ तशीच. "डाक्टर भौ, तुमी तं पिकल्या सीताफळावानी झाले." मी जैबुनबीचं विचारलं.

"बी गेली ना. तीन सालं झाले. शेवटपर्यंत तुमचं नाव घे. सुनेले सांगे, डाक्टर भौनं वाचवलं आपल्याले."

बाहेर वरात आली होती, बँड इतका जोरात की कानात दडे बसावेत. त्या आवाजात वामनराव माझ्या कानाशी वाकले. म्हणाले, आमच्या गावात अजून त्या जागी वाजंत्री थांबते. झाड नाही, बुंधाही आता नाही, पण बँडवाल्यांचे हात आपोआप खाली येतात. नवीन पोरं विचारतात, इथं काहून थांबले?

"मंग काय सांगता?" मी विचारलं.

"काय सांगनार? सांगतो, इथं रोग होता. मुकाट चाला."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले होते. तिथं, तेव्हा सांगता आलं असतं. मंडपात लोक जेवायला बोलावत होते. मी म्हटलं, चला, पंगत बसली.

रिपोर्ट माझ्याजवळ आहे, घड्यांवर फाटलेला. उद्या तो आणि हा लेख वामनरावांच्या पत्त्यावर पाठवीन, पारावर वाचून दाखवा म्हणून लिहीन. गावाला खरं कळेल. वरात लेकुरवाळ्यांसाठी थांबत होती हे पोरांना कळेल. पण ज्या बाईला हे ऐकायचा पहिला हक्क होता, ती आता ओट्यावर नाही. तिच्याशी बोलायचं ते मी इतकी वर्षं मनात, तिच्याच बोलीत, घोळवत आलो आहे. दर वेळी सुरुवात जमते आणि पुढचं राहून जातं. निदान कागदावर पूर्ण करतो.

जैबुनबी, रिपोट आला होता. तुमचं झाड उभं होतं तवाच आला होता. तुमच्या वाघळाईले काई नोतं. आठ दिवसाची गोठ म्या बनवली, शेरडं पन्नीवर येऊ नये मनून. तुमी इकत आनलेल्या चिंचेचं वरन खाल्लं, तरी बोललो नाई. मले माफ करा, बी.